मायच्या पापणीचे पाच केस

मायचा डावा डोळा मी लहान असतानाच गेला होता. उजवा राहिला होता, आणि त्याच्या वरच्या पापणीचे पाच केस आत वळून बुबुळाला घासत होते. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून मोजून आकडा सांगितला तेव्हा मला हसूच आलं. गारखेड्यात माझं पार्लर आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या तोंडावरचे केसच काढत असते. पाच केसांची मला काय भीती घालताय, असं मनात आलं. तो आकडा नंतर डोक्यातून गेला नाही.

आमच्याकडे या दुखण्याला खुपऱ्या म्हणतात. लहानपणी डोळे येतात, बरे होतात, पुन्हा येतात. पापणी आतून खरबरीत होते, मग वर्षानुवर्षं आखडत जाते आणि केसांची तोंडं आत वळतात. या दुखण्याला धूळ लागते, माश्या लागतात आणि तोंड धुवायच्या पाण्याची टंचाई लागते. आमच्या घरात तिन्हींची रेलचेल होती. शेंद्र्याच्या पलीकडं आमचं गाव, दारात मेंढरं, आणि मेंढरांमागं दिवसभर उडणारी माती. माय तोंड धुवायची ते सकाळी एकदा. ज्या पदरानं नाक पुसायची, त्यानंच डोळे.

केस टोचायला लागला की गावातल्या बाया एकमेकींचे केस उपटून द्यायच्या. दुपारी मेंढरं सावलीला बसली की एकीनं दुसरीच्या मांडीवर डोकं ठेवायचं, तोंड उजेडाकडं करायचं, आणि जिची नजर चांगली तिनं चिमट्यानं केस धरून ओढायचा. चिमटा कोणता, तर मेंढराच्या खुरातला काटा काढायचा तोच. मी आठेक वर्षांची असताना हे काम माझ्याकडं आलं. माझी बोटं बारीक होती आणि मुख्य म्हणजे हात कापत नव्हता. केस निघाला की माय डोळा मिटून लांब श्वास सोडायची आणि म्हणायची, "गार वाटलं गं पोरी." मला त्या वयात शाबासकी मिळाली ती याच एका कामाची. शाळेत माझी गत यथातथाच होती.

लग्न होऊन मी गारखेड्यात आले. आमच्या मेंढरांच्या माळावर कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि नवऱ्याला त्यातल्याच एका कंपनीत नोकरी होती. म्हणजे मी गाव सोडून शहरात आले, आणि नवरा रोज कंपनीच्या बसनं माझ्या गावाकडं जाऊ लागला. पुढच्या खोलीत मी पार्लर टाकलं. एक आरसा, एक मागं झुकणारी खुर्ची, दोऱ्याची रिळं. आजूबाजूला नवे फ्लॅट उठत होते, त्यातल्या बायका येऊ लागल्या. दोन-चार वर्षांनी मी पुण्याला जाऊन विजेच्या सुईनं केस कायमचे घालवायचं काम शिकून आले आणि ते मशीन घेतलं. त्याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. पाटीवर तो शब्द लिहायला रंगाऱ्यानं दोनदा चूक केली, पण शेवटी लिहिला.

हे काम कसं चालतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. केसापेक्षाही नाजूक अशी सुई असते. ती केसाच्या कडेनं, त्याच्याच कलानं आत मुळापर्यंत सरकवायची आणि अगदी थोडा करंट सोडायचा. मुळाशी थोडा ओलावा असतो, मीठ असतं. त्यातून तिथल्या तिथं एक जळजळीत क्षार तयार होतो आणि तो मूळ जाळतो. मूळ मेलं की केस चिमट्यात अलगद येतो, ओढावा लागत नाही. ओढावा लागला तर समजायचं की मूळ जिवंत आहे आणि हा केस परत येणार.

बायकांना वाटतं, एकदा खुर्चीत बसलं की संपलं. तसं नसतं. सगळे केस एका वेळी उगवत नाहीत. काही वाढत असतात, काही गळायला टेकलेले असतात, काही कातडीखाली नुसते झोपलेले. करंट लागू पडतो तो वाढत्या केसाला. झोपलेला दोन-तीन महिन्यांनी जागा होतो, मग त्याची पाळी येते. म्हणून एकाच हनुवटीवर वर्ष, दीड वर्ष बसावं लागतं. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्यानं. आणि मधल्या काळात एक पथ्य पाळायचं. वाटलं तर कात्रीनं कापा, पण मुळातून उपटू नका. उपटल्यानं मूळ मरत नाही. केस मात्र जातो, आणि सुईला मुळापर्यंत नेणारा तोच एक वाटाड्या असतो. मूळ आत खुशाल जिवंत राहतं आणि पुन्हा केस काढतं.

माझ्याकडं एक बँकेतली मुलगी यायची. घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडील सरकारी कचेरीत कारकून, आणि हिच्या हनुवटीला राठ केस. ओढणी तोंडाला गुंडाळून यायची आणि दार लावून घेतल्याशिवाय सोडायची नाही. चार महिने झाले तरी फरक दिसेना. एक दिवस भिंगाखाली बघितलं तर हनुवटी कोरी. मधल्या मधल्या दिवसांत बाईसाहेब घरी बसून चिमट्यानं उपटत होत्या.

मी फटकळ आहे, तोंड सोडलं. "अगं शिकलेली ना तू? चार दिवस कळ काढवत नाही? माझी सुई काय हवेत फिरवू?"

ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, कॅशला बसते मी. समोरचा माणूस पैसे घेताना हनुवटीकडं बघतो. तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला सगळं कळतं," मी म्हणाले, "पण केसाला ते कळत नाही." त्या दिवसापासून तिनं उपटणं बंद केलं. तोंडाला मास्क बांधून कामाला जायला लागली, धुळीची ॲलर्जी आहे म्हणून सांगायला लागली.

म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं, तोंडपाठ होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कोणी मला अडाणी समजून माफ करू नये.

दुष्काळाच्या पहिल्या वर्षी भाऊ मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात लांब गोदावरीकडं गेला आणि माय चार लंगड्या मेंढ्यांसोबत गावात मागं राहिली. उन्हाळा लागता लागता एकदा भेटायला गेले तर उजवा डोळा लालभडक, गालावर पाण्याची धार. मी विचारलं तर म्हणाली, "लई नाय. जरा खुपतंय." आमची माय जरा म्हणाली की बाकीच्यांनी घाबरायचं असतं. त्याच दिवशी काळीपिवळी जीपमध्ये घालून तिला शहरात आणलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, बोलायला सावकाश. आधी त्यांनी पापणीच्या ऑपरेशनचं नाव काढलं. पापणीची कडच बाहेर वळवून शिवायची, सगळे केस एकदम डोळ्यापासून लांब. मायनं खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या.

"चाकू नगं," ती म्हणाली. "त्या डोळ्याला लावला हुता कुठल्याशा शिबिरात. गेला त्यो."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की तो डोळा आधीच गेला असणार, उशीर झाला असणार. मायनं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "चाकू नगं." तेव्हा त्या म्हणाल्या, "पाचच केस आहेत. करंटनं मुळं जाळून बघू. वेळ लागेल, पण होईल." मी लगेच हो म्हणाले. माझंच तर काम होतं ते. फक्त माझ्या मशीननं डोळ्याजवळ जायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

मशीनचं कळतं म्हणून मला आत उभं राहू दिलं. करंटचं वर्तुळ पुरं व्हावं म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली धातूची दांडी मायच्या हातात दिली. पापणीत भुलीची सुई गेली तेव्हा ती "अगं माय" म्हणाली. "अम्मा, हिलो नक्को," सिस्टर दर दोन मिनिटांनी म्हणत होती आणि माय तर दगडासारखी पडली होती. पहिल्या केसाच्या बुडाशी बारीक पांढरा फेस आला. मूळ जळत असल्याची ती खूण. मी पार्लरमध्ये तो कितीदा बघितला होता, पण तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं, बरं वाटून. तीन केस अलगद वर आले. उरलेले दोन ओढावे लागले.

"हे दोन परत येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपलेला एखादा त्यांच्यासोबत उठेल. सहा आठवड्यांनी या, आणि तोवर नीट वाढू द्या. केस नसला तर माझी सुई आंधळी आहे." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नवा केस आखूड आणि ताठ येतो. ते टोक फार टोचेल. पंधरा दिवस सोसायचं. मलम भरपूर घाला, पापणी चिकटपट्टीनं वर ओढून ठेवा. पण उपटायचं नाही. कोणीच नाही. तुमच्या हाताला सवय असेल, म्हणून सांगते."

मी हसून मान डोलावली. हेच भाषण मी रोज देत होते.

गावात ठेवली तर कोणीतरी बाई उपटणार, म्हणून मी मायला माझ्याकडंच ठेवून घेतलं. केवढं माझं शहाणपण! आमच्याकडंही धूळ काही कमी नव्हती. घराच्या तिन्ही बाजूंनी बिल्डरांचे पाये खणायचं काम चालू होतं, समोरचा रस्ता उकरून ठेवलेला. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येई, तेही तासभर. पिंपं भरायची, त्यातून पार्लर चालवायचं, आणि मायचा डोळा धुवायला वाटीभर उकळून गार करून ठेवायचं. घामानं चिकटपट्टी सुटायची. मी ती पुन्हा लावायचे.

चौथ्या आठवड्यात टोकं उगवली. मी भिंगातून बघितली, आखूड आणि काळी, दोन जुनी आणि एक नवं. माय दिवसभर भिंतीकडं तोंड करून, डोळ्यावर तळहात दाबून बसायला लागली. भाकरी पुढं केली तर नुसती मान हलवायची. ती ओरडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी तिच्याशी भांडले असते आणि पंधरा दिवस काढले असते. ती नुसती बसून राहायची. पापणी मिटली की टोचे आणि उघडली की टोचे, म्हणून ती अर्धवट मिटून ठेवायची धडपड करायची. नऊ दिवस मी ते बघितलं.

दहाव्या दिवशी दुपारी पार्लरचं दार लावलं, तिला खुर्चीत मागं झुकवलं आणि तिन्ही केस काढले. तीन सेकंदांचं काम. तिनं श्वास सोडला. "गार वाटलं गं पोरी," म्हणाली, आणि दोन भाकरी खाल्ल्या. मी समोर बसून ती जेवताना बघत होते आणि मला इतकं सुख झालं होतं की काय चूक केली हे मनात यायला दुसरा दिवस उजाडला.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, पापणी उलटी केली, पुन्हा सरळ केली.

"केस कुठे आहेत?"

मी म्हणाले, "गावाकडं गेली होती दोन दिवस. तिथं कोणीतरी बाईनं काढले वाटतं." माय गावाला गेलीच नव्हती. हे मी मायच्या देखत, तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलले.

मायचा चेहरा हलला नाही. "म्याच काढले," ती म्हणाली. "आरशात बघून. लई टोचत हुते."

एका डोळ्याची बाई त्याच डोळ्यातला केस आरशात बघून कसा काढणार? डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं नाही. पुन्हा सहा आठवड्यांनी बोलावलं. बाहेर आल्यावर मी मायला म्हणाले, "तू कशाला खोटं बोललीस?" तर म्हणते, "तू बोललीस म्हणून." रस्त्यात उभं राहून मला तिचाच राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण जवळ ती होती.

असं तीन वेळा झालं. प्रत्येक खेपेला मी ठरवायचे की या वेळी नाही. एकदा चिमटे शेजारणीकडं नेऊन ठेवले, आणि पाचव्या दिवशी जाऊन परत आणले. एका खेपेला मात्र केस राहिले, डॉक्टरीणबाईंनी एक जाळला, तो अलगद आला आणि तो पुन्हा कधी उगवला नाही. पहिल्या दिवशीचे तीनही उगवले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते. करंट खोटा नव्हता. ज्याला ज्याला तो मुळापर्यंत पोहोचू दिला, तो केस कायमचा गेला. बाकीच्यांना मी वाचवलं. पापणी आखडतच होती, तिनं आणखी तीन आत वळवले, आणि आम्ही पुन्हा पाचावर आलो.

बँकेतल्या मुलीची हनुवटी तोवर साफ होत आली होती. आधी वीस-पंचवीस केस असायचे तिथं चार-पाच, तेही मऊ. एक दिवस ती ओढणी गळ्यात टाकून, उघड्या तोंडानं आली. "ताई, तुम्ही रागावलात म्हणून झालं," म्हणाली. माय कोपऱ्यात स्टुलावर बसलेली होती. मी त्या मुलीकडं बघून हसले असणार. काय बोलले ते आठवत नाही.

पुढच्या वर्षीही पाऊस नाही. भावानं मेंढरं विकली आणि तो शेंद्र्याला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला. मेंढरं गेली तेव्हा मायला मी पहिल्यांदा आपणहून काही मागताना ऐकलं. "मला तुझ्याकडंच राहू दे. तिकडं आता काय हाय?" ती कायमची राहिली. आमच्या घरात दोनच खोल्या. आतल्या खोलीत नवऱ्याची रात्रपाळीची झोप, म्हणून माय दिवसभर पार्लरमध्ये.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते. मायचं दुखणं मला बघवत नव्हतं हे खरं आहे. पण लग्नसराईत नवऱ्या मुली यायच्या, त्यांच्या आया यायच्या, आणि कोपऱ्यात एक पांढरा डोळा आणि एक गळणारा लाल डोळा घेऊन बसलेली म्हातारी त्यांनाही बघवत नव्हती. एका बाईनं विचारलं, "हे लागत तर नाही ना?" दुसरीनं खुर्ची पुसून घ्यायला लावली. त्या सराईत मी मायचे केस महिना महिना वाट न बघता, टोक दिसलं की काढत गेले. तिला आराम पडावा म्हणून, असं मी तिला सांगायचे. ती डोकं मागं टेकवायची आणि तोंड उजेडाकडं करायची, लहान मुलीसारखी. सहा आठवड्यांच्या तारखा चुकत गेल्या. आज पाणी आलंय, उद्या मेकअपची ऑर्डर आहे, परवा बघू. खरं म्हणजे कोऱ्या पापणीनं मायला डॉक्टरीणबाईंसमोर न्यायला मला तोंड नव्हतं.

एका सकाळी माय म्हणाली, "खिडकी कामून लावली?" खिडकी सताड उघडी होती.

बुबुळावर ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. रिक्षात मी तिचा हात धरून बसले होते आणि देवाला काय काय कबूल करत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम आहे, आत पू झाला आहे. तासातासाला थेंब घालायचे. पंधरा दिवस मी पार्लर बंद ठेवून ते केलं, एक तासही चुकवला नाही. ही शिस्त आधी दाखवली असती तर! जखम भरली. भरताना मात्र बुबुळ मधोमध पांढरं झालं. समोर माणूस उभा आहे एवढं तिला कळायचं, कोण ते आवाजावरून. मी विचारलं की दुसरं बुबुळ बसवता येतं ना. तर म्हणाल्या, पापणी अशी आणि डोळा इतका कोरडा, त्यात टिकणार नाही.

मायला सिस्टर बाहेर घेऊन गेली तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, केस मी काढत होते."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "गावातल्या बाईनं काढला की अर्धा केस तुटून राहतो. तुमचं काम फार सफाईचं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतं." मग त्या म्हणाल्या, "तसंही तुम्ही बंदच केलंत." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर मी मायच्या डोळ्याला चिमटा लावला नाही. तिनं मागितलंच नाही. महिना गेला, दोन गेले, ती भिंतीकडं तोंड करून बसेना, जेवायला लागली, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला लागली. मला वाटलं, जखमेसोबत केसांची मुळंही मेली असतील. अशी आशा करायला मला लाज वाटली नाही. एके दिवशी उजेडात बसवून भिंग धरलं. सहा केस होते. कधी नव्हे इतके लांब, काळेभोर, पुरे वाढलेले, पांढऱ्या बुबुळावर सरळ पडलेले. माय पापणी मिटत होती, उघडत होती, आणि ते बुबुळावर पुढं-मागं सरकत होते. मी विचारलं, "टोचत नाही?"

"नाय गं. कवाचंच नाय."

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा तंतू वळून तिच्या बुबुळाला लावला. मायनं डोळा मिटला नाही. तिला कळलंच नव्हतं. "संवेदना गेली आहे," त्या मला हळूच म्हणाल्या. "केस आता चांगले वाढलेत, जाळायचे असतील तर जाळू. घाई नाही."

त्यांनी ते जाळले, दोन बैठकींत. सहाच्या सहा अलगद आले. त्या पापणीला आज एकही वाकडा केस नाही.

माय आता स्टुलावर बसून आल्या-गेल्या बाईला स्वतःहून सांगते. म्हणते, डोळे तर धुळीनं गेले, त्याला कोण काय करणार, दुष्काळच तसा होता. पण टोचायचं लई बघा, जनमभर टोचायचं, जीव नकोसा व्हायचा, ते तेवढं माझ्या पोरीनं थांबवलं. मग आवाजाच्या अंदाजानं मान वळवून मला विचारते, "व्हय का नाय गं?"

मी दोरा दातात धरलेला असतो, म्हणून नुसतं "हं" म्हणते. ती माझं तोंड बघू शकत नाही.